संभाव्य कारण

गेथिन बाकावर फडकं पसरतो
आणि मांडतो एकेक:
पाच छर्रे. सहावा सापडला नाही.
पिंजरा, दोन ठिकाणी तडकलेला.
रबरी बूट, घडीच्या वळणावर फाटलेला,
आणि आत ग्रीसच्या जागी
ट्रेगॅरनच्या वरच्या रानातली
करडी, करकरीत रबडी.

शिरवळच्या कॉलेजात मी सांधे शिकले
घोड्याचे, बैलाचे, एकदा एका अस्वलाचे.
कूर्चा, वंगण, पिशवी.
पिशवी फाटली की वंगण जातं,
वंगण गेलं की हाड हाडाला खातं.
हे सांगायला जाते तर गेथिन म्हणतो,
"मग तुला माहीतच आहे सगळं,"
आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने
वाटीत पडलेले खड्डे दाखवतो.

तो कारणं मोजत नाही, कुरकुरतो.
आधीच्या मालकाने हायलक्स उचलून घेतलीय दोन इंच.
दिसायला रुबाब,
पण शाफ्ट बसला कायमचा तिरका,
सरळ रस्त्यावरसुद्धा मान वाकडी करून धावणारा.
टायर कंपनीने दिले त्याहून मोठे.
बूट स्वस्तातला, क्लिप हातानेच आवळलेली.
आणि मग तू,
स्टिअरिंग पूर्ण वळवून, ओल्या खडकावर,
फोर व्हीलमध्ये, पाय दाबून.
"दाबला होतास ना?"

दाबला होता.
ब्लेनगॉर्सच्या चढावर, पहाटे पावणेचारला.
वर गाय अडलेली, वासराचा एकच पाय बाहेर,
आणि मिसेस प्रॉबर्टचा तिसरा फोन.
खडकावर पुढचं चाक सुटलं, गरगरलं, मग पकडलं,
आणि त्या पकडण्यातच
खालून बंदुकीसारखा एक बार.
त्यानंतर पुढची चाकं नुसती नावाला,
मागची चिखलात आपापली जागा खणत बसलेली.
दोऱ्या, जेल, हातमोजे उचलून
उरलेला पाऊण मैल मी चालत गेले.
गाय वाचली.
वासराबद्दल गेथिन विचारत नाही.

विचारतो ते दुसरंच.
"वळताना टकटक येत होती का?"
वर न बघता. छर्रा पुसत.

इथल्या गोठ्यांतून अकरा वर्षं
हा प्रश्न मी विचारत आलेय.
कधीपासून लंगडते? खाणं कधी सोडलं?
आणि टोपी हातात घेऊन माणसं सांगतात,
काल संध्याकाळपर्यंत ठणठणीत होती.
मी खूर उचलते. तिथे महिनाभराचा पू.
बोलत काही नाही. फॉर्मवर लिहिते
संभाव्य कारण, आणि पुढे काहीतरी लॅटिन,
ज्यात कुणाचंच नाव येत नाही.

येत होती टकटक.
आधी फक्त को-ऑपच्या पार्किंगमध्ये, उजवीकडे वळताना.
मग चॅपलच्या कोपऱ्यावर.
मग रोज, दोन्हीकडे.
तीन आठवडे मी रेडिओ मोठा करत होते,
वेल्श बातम्या,
ज्यातलं निम्मंही मला कळत नाही.

"नाही," मी म्हणते. "एकदम अचानकच."

गेथिन मान हलवतो,
अगदी मी हलवते तशी.
कार्बन घातलेल्या वहीत
ठसठशीत अक्षरांत लिहितो: झीज.
नवा शाफ्ट गुरुवारी येईल, कार्डिफहून.
दुसऱ्या बाजूचा बूटही बघून ठेवतो, म्हणतो,
त्याचे पैसे नाही लावत.

मी निघते. दारात त्याची म्हातारी मेंढरांची कुत्री
मला वाट द्यायला उठते,
आणि मागचा डावा पाय
टेकते किंचित उशिरा.
मी थांबते.
"हिचं कधीपासून?"

गेथिन फडक्याची चौघडी घालतो,
पाचही छर्रे आत.
"हिचं?
कालपासून, बहुतेक."